मी पडलो होतो, विकला गेलो नव्हतो

सुरुवातीलाच सांगून टाकतो. फुटबॉलमुळे मला टीबी झाला नाही. टीबी कुणालाही होतो. वकिलाला होतो, मास्तरीणबाईंना होतो, तसा मला झाला, आणि तोही पाठीच्या मणक्यांत. त्याबद्दल माझी कुणाकडे तक्रार नाही. माझी तक्रार त्या माणसांबद्दल आहे ज्यांनी माझं अंग रोज बघितलं, दाबलं, त्यात सुया टोचल्या आणि तरी एकदाही विचारलं नाही की बाबा, तुला ताप येतो का?

क्लबचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर नोटीस येईल आणि अण्णा घाबरतील. ठाण्यातला क्लब होता, एवढं पुरे.

माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणालेल्या, "बरे झालात की लिहा. तुमच्यासारखे खूप येतात, आणि उशिरा येतात." म्हणून लिहायला बसलो. शांतपणे लिहिता येईल असं वाटलेलं. येत नाहीये.

मागे उभा राहणारा

माझं नाव बिराप्पा. मैदानात बिरू. आमचं गाव जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. अण्णा, म्हणजे माझे वडील, लग्नानंतर डोंबिवलीला आले, कारण त्यांचा मावसभाऊ एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होता. तेही तिथेच लागले. मानपाड्याला चाळीत दोन खोल्या घेतल्या. आई, अण्णा, मी आणि धाकटी बहीण रेणुका, आम्ही अजून तिथेच राहतो. अण्णांच्या बनियनला कधी पिवळे डाग असायचे, कधी निळे. आई ते घासून घासून थकली आणि मग तिने घासणं सोडून दिलं.

शाळेत पोरं आमच्या बोलण्याला हसायची. मी 'न्हाई' म्हटलं की वर्गभर नक्कल. मैदानात सगळ्यांनाच गोल मारायचा असायचा. बाहेरून आलेल्या पोराला मागे उभं करतात, तसं मला केलं. मी मागेच राहिलो. स्टॉपर झालो, म्हणजे आपल्या गोलच्या पुढे उभा राहून समोरच्याला अडवणारा. स्टॉपरचं नाव पेपरात येतं ते त्याने माती खाल्ल्यावर. पण मला ते काम आवडायचं. मागून सगळा खेळ दिसतो. कोण दमलाय, कोण घाबरलाय, बॉल कुठे येणार, सगळं आधी कळतं.

पुढे मी मुंबईच्या लीगमध्ये खेळलो, गोव्यात खेळलो, केरळात, कोलकात्याच्या खालच्या डिव्हिजनमध्ये, आणि एक हिवाळा पंजाबात, जिथे धुक्यात समोरचा फॉरवर्ड दिसायच्या आधी त्याच्या बुटांचा आवाज यायचा. सगळीकडे एका हंगामाचं कॉन्ट्रॅक्ट. कुणाचा स्टॉपर जखमी झाला की मला फोन यायचा, तो बरा झाला की मी बॅग भरायचो. अण्णांनी गाव एकदाच सोडलं, मी दरवर्षी सोडत होतो. केरळात मला 'बॉम्बे' म्हणायचे, कोलकात्यात 'मराठा', आणि एवढं फिरून ठाण्याला आलो तर इथल्या पोरांनी नाव ऐकून विचारलं, "साउथचा आहेस काय रे?"

तरी ठाणं म्हणजे घराजवळ. तिशी आलेली. आई म्हणाली, "आता तरी चार घास घरचे खाशील." मलाही वाटलं, दोन-तीन हंगाम इथे काढू आणि बूट खुंटीला लावू.

"वा! काय लीन झालाय!"

पाठ दुखायला लागली ती पाऊस सरता सरता. बरगड्या संपतात तिथे, मधोमध. स्टॉपरची पाठ दुखतेच. हवेत उड्या, धक्के, समोरच्याची ढोपरं. मी आधी लक्षच दिलं नाही. पण बाकीची दुखणी आडवं पडलं की कमी होतात, हे होत नव्हतं. शिंकलो तरी पाठीतून कळ जायची.

क्लबमध्ये एक फिजिओ होता. त्याला सगळे 'डॉक' म्हणायचे. तो डॉक्टर नव्हता, पण त्याने कधी 'मला डॉक म्हणू नका' असं सांगितलंही नाही. आधी त्याने बर्फ लावला, मग पट्टा दिला, मग एका मॅचच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये बाकावर पालथं झोपवलं आणि पाठीत इंजेक्शन दिलं.

"काय आहे यात?" मी विचारलं.

"ताकद आहे, ताकद. खेळायचंय ना तुला?"

खेळायचं होतं. बाकावर बसलेल्या तिशीतल्या स्टॉपरला पुढच्या वर्षी कुणी फोन करत नाही, हे मला माहीत होतं आणि त्याला त्याहून जास्त माहीत होतं. त्या दिवशी दुखलं नाही. मग पुढेही तेच चालू झालं. दुखलं की पालथा, पालथा की सुई.

त्याच सुमारास मी बारीक व्हायला लागलो. जर्सी खांद्यांवरून ओघळायची. जेवण जायचं नाही, भात तोंडात फिरत राहायचा. एकदा सरावाला कोचने मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाला, "वा! बघा रे याच्याकडे. तिशीत काय लीन झालाय! नाहीतर तुमची पोटं."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. आज तो प्रसंग आठवला की माझे कान गरम होतात. एक माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर आतून सडत होता आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी अंगात कणकण असायची. सकाळी उठलो की चादर घामाने ओली. ती चादर आई वाळत घालायची. तिला वाटलं नजर लागली. तिने मीठ-मोहरी ओवाळून टाकली, कोपऱ्यावरच्या देवीला नारळ फोडला. तिचं निदान चुकलं, पण घरात निदान कुणीतरी बघत तरी होतं.

पडलो ती मॅच

मॅच नवी मुंबईत होती. हरलो तर खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार, एवढी महत्त्वाची. सकाळपासून माझे पाय विचित्र वाटत होते. चप्पल पायात आहे की निसटली ते खाली बघितल्याशिवाय कळत नव्हतं. डॉकला सांगितलं. तो म्हणाला, "टेन्शन आहे रे." पालथा, सुई.

दुसरा हाफ संपत आलेला, एक-एक बरोबरी. त्यांच्या पोराने उजवीकडून बॉल काढला. मी त्याला आधीच वाचलेलं. तो आत वळणार, मी डावा पाय टाकून बॉल बाहेर काढणार. अशा बॉलवर मी हजार वेळा पाय टाकलाय. मी पायाला सांगितलं, चल. पाय आला नाही.

तो दुखला नाही, मुरगळला नाही, घसरला नाही. आलाच नाही. मी कापलेल्या झाडासारखा आडवा पडलो. त्या पोराने काय, कुणीच मला हातही लावला नव्हता. तो पोरगा पुढे गेला आणि त्याने गोल मारला.

आमचा गोलकीपर इम्रान. केरळात आम्ही एका खोलीत राहायचो, माझ्यानंतर तोही ठाण्याला आला. त्याने मला उचलायचा प्रयत्न केला. "उठ ना भाई." मी उठू शकत नव्हतो. पाय थरथरत होते, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

ड्रेसिंग रूममध्ये मला बाकावर टाकलं. कोच आत आला. त्याने दार लावलं, माझ्यासमोर उभा राहिला आणि विचारलं, "किती घेतलेस?"

मला आधी कळलंच नाही.

"कुणी हात लावला नाही, कुणी पाय लावला नाही, आणि हा शहाणा झोपला! किती घेतलेस ते सांग."

"सर, माझा पाय..."

"पाय! सकाळपासून पायाचं नाटक. आधीच तयारी करून ठेवलेली!"

मी डॉककडे बघितलं. सकाळी मी त्याला सांगितलं होतं. तो पट्ट्यांची बॅग आवरत होता, वर बघतच नव्हता. मग मी इम्रानकडे बघितलं. तो ग्लोव्ह्ज काढत होता. खूप वेळ काढत होता. खोलीत अख्खी टीम होती आणि एकाच्याही तोंडातून शब्द निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या पडण्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर होता. खाली हसणारी तोंडं. कुणीतरी लिहिलेलं, 'सोफासेट,' म्हणजे आडवाही पडला आणि मॅचही 'सेट' केली. क्लबकडून मेसेज आला की चौकशी होईपर्यंत सरावाला येऊ नये. ती चौकशी कधीच झाली नाही. मला परत बोलावलंही नाही.

निदानाचा दिवस

रेणू बालवाडीत शिकवते. माझ्याहून लहान, पण घरात तिचाच आवाज मोठा. तीन-चार दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून होतो. आई-अण्णांना वाटलं, बदनामीमुळे पोरगं खचलं. बाथरूमला जाताना मी भिंत धरून चालतोय हे रेणूने बघितलं.

"दादा, भिंत का धरतोस?"

"असंच."

"असंच कुणी भिंत धरत नाही. चप्पल घाल."

तिने मला रिक्षात घातलं. डोंबिवलीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, पावलाला किल्लीने ओरखडा काढला आणि लगेच कल्याणला एमआरआय करायला पाठवलं. तिथून ठाण्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात. तिथे डॉक्टर मॅडम भेटल्या. पन्नाशीच्या, आवाज कोरडा. त्यांनी फिल्म उजेडात धरली आणि फिल्मकडे बघतच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"संध्याकाळी ताप येतो?"

"हो."

"झोपेत घाम?"

"हो."

"वजन उतरलंय?"

"हो मॅडम."

"भूक?"

मला रडूच यायला लागलं. आजाराची भीती तोवर वाटलीच नव्हती. मला एवढंच कळत होतं, की इतके साधे चार प्रश्न होते. इतके साधे. एवढ्या महिन्यांत कुणालाही विचारता आले असते. चहा पिता पिता.

मॅडमनी समजावून सांगितलं. मणक्यांचा टीबी. दोन मणके खाल्ले गेलेत, त्यांच्या मागे पू साठलाय आणि तो नसांच्या दोरीवर दाब देतोय, म्हणून पाय ऐकत नाहीयेत. "अजून उशीर केला असतात तर पाय कायमचे गेले असते. आता गोळ्या, पट्टा आणि पडून राहायचं. दाब कमी नाही झाला तर ऑपरेशन. पण मला वाटतं, वाचाल."

मी त्यांना इंजेक्शनांबद्दल सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कसली होती?"

"माहीत नाही."

"विचारून घ्या. स्टिरॉइड असेल, तर ते या आजाराला खतपाणी झालं. असेल तर म्हणतेय."

रेणूने तिथूनच क्लबला फोन लावला. डॉकने दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलून म्हणाला, "साधं पेनकिलर होतं मॅडम," आणि ठेवला. त्यानंतर त्याने रेणूचा नंबर ब्लॉक केला. त्या सुयांत काय होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर रेणूने माझा हात धरला. मी म्हटलं, "रेणू, म्हणजे मी खरंच पडलो होतो." तेव्हा मला जाणवलं की सगळ्यांनी इतकं सांगितल्यावर माझाही माझ्यावरचा विश्वास उडत चाललेला.

वॉर्ड

वॉर्डात सकाळ लवकर होते. झाडूवाल्या मावशी फिनेल टाकायच्या, मग चहा, मग सिस्टर गोळ्या घेऊन. मूठभर गोळ्या, उपाशीपोटी. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली आणि मी घाबरून ओरडलो. सिस्टर हसून म्हणाल्या, "गोळ्या लागू पडतायत, ओरडू नका." मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहून ठेवतोय. लघवी केशरी होते. घाबरू नका.

कुशीवर वळायची परवानगी नव्हती. वळायचं असेल तर दोन माणसं येऊन ओंडका फिरवतात तसं अख्खं अंग एकदम फिरवायची. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना अडवलं, त्याला डास हाकलायला पण माणूस लागायचा. भांड्यात शौच करताना मी डोळे मिटून घ्यायचो. तिथल्या वॉर्डबॉयला सगळे मामा म्हणायचे. ते अशा वेळी मुद्दाम राजकारणावर जोरजोरात बोलायचे, म्हणजे मला लाज वाटू नये. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

शेजारच्या खाटेवर शहाडचे एक रिक्षावाले काका होते, मांडीचं हाड मोडलेले. त्यांना माझा व्हिडिओ माहीत होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हणाले, "तो पडलेला तूच ना रे?"

मी म्हटलं, "हो."

काकांनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाले, "माझ्या पोराने दाखवलेला. मी पण हसलेलो. चुकलं माझं."

माझी माफी मागणारा तो पहिला माणूस. ज्यांनी मागायला हवी होती त्यांच्यापैकी कुणी नाही, शहाडचा एक रिक्षावाला, स्वतः लटकवलेल्या पायाने.

खरी भीती पायांची होती. दिवसातून किती वेळा तरी मी अंगठा हलवायचा प्रयत्न करायचो. सगळं लक्ष तिकडे लावायचं आणि बघायचं. कधी हलायचा, कधी नाही. न हलला की वाटायचं, संपलं. हे कुणाला बोलून दाखवत नव्हतो. आई आली की पायावर चादर ओढून घ्यायचो.

इम्रान दर रविवारी यायचा. मी त्याला भेटायला नकार दिला. तो बाहेर व्हरांड्यात बाकावर बसायचा, भेटीची वेळ संपली की आईकडे संत्री देऊन निघून जायचा. आई म्हणायची, "अरं, पोरगं ताटकळतंय." मी म्हणायचो, "ताटकळू दे."

गॅप

ऑपरेशन टळलं, पण घरी आलो तेव्हा छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा होता. चाळीतले लोक बघायला आले. आई सगळ्यांना सांगत होती, "मणक्यात गॅप आलाय. खेळून खेळून."

मी खाटेवरून ऐकत होतो. मॅडमनी मला आणि आईला समोर बसवून सांगितलेलं की हा टीबी मणक्यात आहे, फुप्फुसात नाही, याच्यापासून कुणाला लागत नाही. तरी दुसऱ्याच दिवशी माझं ताट वेगळं झालं. ताटाच्या मागे आईने लावलेला, रेणूच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. पेल्यालाही ठिपका.

तो ठिपका बघितल्यावर मी ताट भिंतीवर मारलं. आमटी भिंतभर झाली. "मला क्लबने चोर ठरवलं, आता तू कुत्रा ठरव!"

आईही भडकली. "मी काय हौसंनं करतीया? रेणीचं लगीन व्हायचंय! टीबीचं घर म्हनून कोन येईल दारात?"

रेणू भिंत पुसत होती. ती फडकं टाकून उठली. "माझ्या लग्नासाठी दादाला खोटं पाडू नकोस. ज्याला टीबीची भीती वाटते त्याच्याशी मला लग्नच नाही करायचं." आणि ती माझ्यासमोर बसून माझ्याच पेल्यातून पाणी प्यायली. आई पदर तोंडाला लावून रडत होती. माझा राग गेला नव्हता, तरी मला तिची दया आली. तीस वर्षं परक्या गावात लोक काय म्हणतील याला भिऊनच ती जगली होती.

अण्णांनी हे सगळं ऐकलं. आठवड्याभराने सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, एमआरआयची फिल्म काखेत घेऊन ते एकटेच ठाण्याला क्लबच्या ऑफिसात गेले. मला माहीत असतं तर जाऊ दिलं नसतं. संध्याकाळी परत आले. रेणूने पाणी दिलं.

"काय झालं अण्णा?"

"बसवून ठिवलं. च्या दिला. सायेब भेटला न्हाई. मग त्यो कोच भायेर आला. मी फिल्म दावली. त्यानं हातात बी घेतली न्हाई. म्हनला, काका, पोराला सांभाळा."

"मग?"

"मग मी म्हनलो, माझं पोरगं आजारी हुतं, चोर न्हवतं. तेवडं लिवून द्या." अण्णांनी पेला खाली ठेवला. "त्यो हसला."

अण्णांनी कारखान्यात सुपरवायझरच्या शिव्या मान खाली घालून ऐकलेल्या मी बघितल्यात. त्या दिवशी ते दार लावून आत बसले आणि बाहेर येईनात. मला चोर म्हटलं ते मी एक वेळ गिळेन. माझ्या बापाला हसला, ते नाही.

उठलो

गोळ्या वर्षाहून जास्त चालल्या. मळमळ, सांधेदुखी, तोंडाला धातूची चव. मध्येच बरं वाटायला लागतं आणि वाटतं, आता कशाला? नेमकी तीच वेळ वाईट. ज्यांना हे झालंय त्यांना हात जोडून सांगतो, बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका. मला एकदा सोडाव्याशा वाटल्या. रेणू गोळ्या घेऊन समोर उभी राहायची आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायची, बालवाडीतल्या पोरांना लावते तसं.

पाय हळूहळू ऐकायला लागले. आधी अंगठा, मग घोटा. चाळीच्या गॅलरीत कठड्याला धरून फेऱ्या. एक दिवस खाली न बघता कळलं की पायात चप्पल आहे. त्या दिवशी मी आईला चपलेबद्दल सांगितलं आणि ती माझ्याकडे वेड्यासारखी बघत राहिली. तेव्हापासून माझं ताट घरच्या ताटांत मिसळलं.

इम्रानला मी शेवटी घरात घेतलं, कारण तो रविवारी यायचा थांबलाच नाही. आत येऊन उभाच राहिला.

"भाई, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. माझं पण कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं. फट्टू निघालो मी."

"निघालास," मी म्हटलं. त्याला माफ केलं असं म्हटलं नाही, कारण केलं नव्हतं. पण बस म्हटलं.

मॅडमनी गोळ्या बंद केल्या तेव्हा स्पष्ट सांगितलं की धक्काबुक्कीचा खेळ पुन्हा नाही. शिकवायला हरकत नाही. म्हणजे माझा खेळ संपला. निरोपाची मॅच नाही, काही नाही. माझी शेवटची आठवण म्हणून जगाकडे तो व्हिडिओ.

कोपरच्या मैदानावर

इम्रान आता डोंबिवलीशेजारच्या कोपरला एका टीमच्या गोलकीपरना शिकवतो. नोकरी करणारी, कॉलेज संपलेली पोरं. त्याने मॅनेजरकडे माझं नाव काढलं आणि डिफेन्स शिकवायला मला बोलावलं. पहिल्याच संध्याकाळी गेलो, तर साइडलाइनला एक जण बाकावर बसून गुडघा पुढे करून होता, आणि त्याच्यासमोर सिरिंज भरत होता डॉक, मॅनेजरने त्याच दिवशी बोलावलेला.

मी चालत गेलो. पळता येत नाही, नाहीतर पळालो असतो.

"काय आहे त्यात?"

त्याने वर बघितलं. मला ओळखायला त्याला क्षण लागला. "अरे बिरू! बरा दिसतोयस."

"काय आहे त्यात, विचारलं."

"साधं पेनकिलर आहे रे. उद्या मॅच आहे याची."

"बाटली दाखवा. नाव वाचा. मोठ्याने."

पोरं जमायला लागली. मॅनेजर धावत आला, "काय चाललंय?" डॉकने बाटली खिशात घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हाच तो, मॅच विकणारा. याला कोच म्हणून आणलंत?"

मैदान गप्प झालं. तीच शांतता, ड्रेसिंग रूममधली. पोरं एकमेकांकडे बघत होती. त्यातल्या बऱ्याच जणांनी तो व्हिडिओ बघितलेला, ते मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं.

तेवढ्यात मागून इम्रानचा आवाज आला.

"हा विकला गेला नव्हता." तो गोलपासून चालत येत होता, ग्लोव्ह्ज हातात. "मी मागे उभा होतो. पाय उचललाच गेला नाही याचा, माझ्या डोळ्यांसमोर. याच्या मणक्यात टीबी होता. आणि त्या सकाळी याने डॉकला सांगितलेलं की पाय सुन्न आहेत. मी शेजारी बूट बांधत होतो, मी ऐकलंय." मग तो डॉककडे वळला. "बोल ना. सांगितलेलं की नाही?"

डॉक बॅग आवरायला लागला. बाकावरच्या पोराने पँट खाली ओढली, गुडघा झाकला आणि उठून उभा राहिला. "मी आधी एक्सरे काढतो," तो मॅनेजरला म्हणाला. मॅनेजरने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग डॉकला म्हणाला, "तुम्ही आज निघा."

डॉकने बॅग उचलली आणि तो गेला. सॉरी म्हणाला नाही. क्लबनेही आजपर्यंत काही लिहून दिलेलं नाही, देणारही नाही. माझा राग कमी झालेला नाही, आणि तो व्हावा असं मला वाटतही नाही. पण कुणीतरी चार लोकांसमोर, तोंड उघडून, खरं बोललं. उशिरा बोलला, पण बोलला. घरी गेल्यावर हे अण्णांना शब्द न् शब्द सांगायचं, असं मी ठरवलं.

पोरं अजून तशीच उभी होती. उजेड कमी होत चाललेला. मी इम्रानकडून शिट्टी घेतली.

"स्टॉपर कोण कोण आहेत?" मी विचारलं. "पुढे या."